डेअरीच्या भिंतीवरची काशीमावशी

पेंटरला कसली आलीय भीती म्हणता? ऐका मंग. मोबाईल न्हवते तवाची गोष्ट हाय. आमच्या दूध सोसायटीनं ठरवलं, डेअरीच्या भिंतीवर पुढारी न्हाई, गावातलंच माणूस काढायचं. दुष्काळात बी जिनं एक दिवस दूध चुकवलं न्हाई ती काशीमावशी मी काढली, पार छतापर्यंत. उद्घाटनाला चेअरमननं नारळ फोडला आन् खिळा ठोकून चित्राला झेंडूचा हार घातला. तो हार मंग कुणी काढलाच न्हाई.

चार दिवसांनी मी चित्राखाली नाव लिहीत बसलतो. केजची जीप थांबली. ऊसतोडीवरनं सहा महिन्यांनी मावशीचा लेक महादू उतरला. त्यानं आईचं चित्र बघितलं, मंग हार बघितला. डोक्यावरचं गठुडं खाली पडलं. कोयता तेवढा हातात ऱ्हायला.

"कवा गेली बे?" त्यानं माझी गचांडी धरली. "मला कावून न्हाई कळवलं?"

माझी बोबडीच वळली. 'जित्ती हाय' एवढं बी तोंडातनं निघंना. नजर त्या कोयत्यावरनं हलंना.

तेवढ्यात मावशीच दुधाची किटली घेऊन आली. महादूनं कोयता टाकला आन् तिच्या पायाला मिठी मारून लहान लेकरासारखा रडला. मी आधी हार काढला.

चित्र तसंच ऱ्हायलं. माझं दुकान डेअरीसमोरच. त्यानंतर दरसाली महादू ऊसतोडीवरनं आला की जीपमधनं डोळे मिटूनच उतरायचा, आन् तिथूनच मला हाक मारायचा, "पेंटर, भिंतीवर हार हाय का?"