कुंदाताईनं सांगतलं नाई

जमलेल्या मायबाईंनो, भावांनो, आन् समोर खुर्च्यांवर बसलेल्या साहेबलोकांनो,

मले बोलता येत नाई असं नाई. मले लय बोलता येते, सारं मंगरूळपीर जाणते. पण आज कुंदाताईच्या फोटोले हार घातलेला हाय. कुठं थांबली तं सांभाळून घ्या.

ज्याईले माईत नाई त्याईच्यासाठी सांगतो. मी नसीमबानू. घरोघरी जाऊन बायांच्या तब्येतीची माहिती घ्याचं काम आमी दोघी या साहेबाईच्या ऑफिससाठी जोडीनं करत होतो. ताई आत बसून विचारे, मी दारात उभी राहो. दारात काहून? सासूले बोलण्यात गुंतवाले. कापसाचा भाव, गुडघ्याचं दुखणं, सुनेची गाऱ्हाणी, काय वाट्टेल थे. तेवढ्यात चुलीपाशी ताई सुनेशी बोलून घे. जे नवऱ्याले माईत नाई, माहेरी माईत नाई, थे ती बाई ताईले सांगे. कारण ताई आधी तिच्या हातची भाकर खाये आन् म्हणे, तुही गोष्ट माह्या पोटातच राहीन.

आन् राह्यली. बाहेर आल्यावर मी खोदून खोदून विचारो, काय म्हणे वं थे? ताई म्हणे, "त्याईच्या विहिरीचं पाणी गोड हाय म्हणे." मले असा राग ये! संगं फिरणाऱ्या बाईले जिनं सांगतलं नाई, ती दुसऱ्याले सांगन काय?

मंग त्यातल्याच एका बाईची गोष्ट पेपरात छापून आली. झालं असं, का साहेबाईच्या ऑफिसनं आमी जमवलेली सारी माहिती परदेशातल्या एका विद्यापीठाले देऊन टाकली. संशोधनासाठी. कोणाले विचारलं? ताईले नाई. मले नाई. ज्याईची गोष्ट होती, त्या बायाईले तं नाईच नाई. तिकडच्या कोण्या संशोधकानं लेख लिहिला, इथल्या पेपरानं तो मराठीत छापला. बाईचं नाव नोतं. पण मानोऱ्याकडचा लहानसा तांडा, घरात तीन पोरी, नवरा ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम, हे सारं होतं. त्या तांड्यात मुकादम एकच. सकाळचा चहा होयेपर्यंत साऱ्याईले कळलं. नवऱ्यानं तिले माहेरी नेऊन सोडलं. तिनं काय सांगतलं होतं, थे माह्या तोंडून निंघणार नाई. तांड्याचं नावबी मी घेत नाई.

संशोधन वाईट हाय काय? मी असं म्हणत नाई. आमच्या बायाईचं दुखणं जगाले कळावं, इथं बरा दवाखाना यावा, याच्यासाठीच तं आमी उन्हातान्हात फिरलो. पण दुसऱ्याच्या हातात द्याच्या आधी पाहा लागते ना, का याच्यातून घर ओळखू येते काय? लहान तांडा हाय, दोन गोष्टी झाकून द्या. एवढी अक्कल नोती काय कोणाले?

ताई साहेबापाशी गेली. मी संगं होती. साहेब म्हणे, सारं नियमात हाय, करार झाला हाय, नावं काढूनच देली. ताई हळूच म्हणे, "साहेब, नाव काढलं, पण घर तं तसंच ठेवलं ना." साहेब मोबाईल पाहत बसले.

तिकडं तांड्यात साऱ्याईले वाटलं, कुंदानंच सांगतलं. दुसरं कोण सांगन? चुलीपाशी तं तीच बसली होती. जिथं तिले भाकर भेटे, थ्या घरचं दार तिच्या तोंडावर लागलं. ताईनं साहेबाले एकच मागतलं. पैसा नाई, बदली नाई. एक दिवस माह्यासंगं तांड्यावर चला, आन् माहिती ऑफिसनं देली, कुंदानं नाई, एवढं तुमच्या तोंडानं सांगा. साहेब म्हणे, वरून लेखी आल्याबिगर बोलता येत नाई. ताई परत गेली. मीटिंग हाय. परत गेली. दौरा हाय. मानोरा इतकं दूर हाय काय जी साहेब? एसटी जाते तिथं.

मंग एक दिवस स्वयंपाक करता करता ताई पडली, आन् गेली. डॉक्टर म्हणे, हृदय बंद पडलं. मी डॉक्टर नाई. पण हे भाऊजी बसले हायत, ताईचे मालक, त्याईले विचारा. आदल्या रातीले जेवतानाबी तिचं तेच चालू होतं, का त्या बाया मले चुगलखोर समजतात.

आज साहेबाले टाइम भेटला. हार आणला, चांगला मोठा आणला. आताच भाषणात म्हणे, कुंदाताई आमच्या कुटुंबातली होती. लाज नाई वाटली काय जी?

माहा पदर ओढू नका कोणी. मी बसणार नाई.

साहेब, जरा मागं पाहा. भिंतीपाशी तांड्यातल्या बाया बसल्या हायत. कोण कोण आल्या, थे विचारू नका. ताईवर राग होता, तरी सकाळच्या एसटीनं आल्या. तुमाले तांड्यावर जाता नाई आलं, तांडाच तुमच्यापाशी आला.

आता म्हणतीन, दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू. वाहू ना. माह्या ताईले मी दोन मिनिटं काय, दिवसभर उभी राहून सलाम करीन. पण साहेब, आधी तुमी एकटे उभे राहा. या बायाईकडं तोंड करा आन् सांगा, कुंदानं सांगतलं नाई, आमी देलं. लेखी नको आमाले. तोंडानं सांगा.

तोवर कोणी उठू नका. भाऊजी, तुमीबी बसा.