चकतीकडची बाजू

(घराला लागून असलेली पत्र्याची शेड. गाडीचं पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलेलं. सून गोणपाटावर बसलेली, सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीत.)

सासू : ...चाकं काढायला निघाली मोठी! आधी खांब चुकवायला शिकली असतीस तर ही वेळच आली नसती.

सून : खुर्ची जरा मागे घ्या, आई. पाना सटकला तर तुमच्या पायावर येईल.

सासू : घेते बाई. तुझा काय भरवसा? शाळेसमोरचा एवढा खांब दिसला नाही, तिथं माझा पाय काय दिसणार!

सून : खांब दिसला होता. वर्षभर सांगतेय. ब्रेक दाबला, गाडी थांबली नाही, उजवीकडे ओढली गेली.

सासू : झालं सुरू. नाचता येईना अंगण वाकडं. अगं, ब्रेक त्यानं आदल्याच रविवारी नवे घातले होते, स्वतःच्या हातानं. दिवसभर इथं राबला बिचारा. जेवायलासुद्धा उठला नाही.

सून : उठले नाहीत, कारण एक बोल्ट सापडत नव्हता. तो अजून सापडायचाय.

सासू : बोल्टांना काय तोटा? बरणी भरलीय बघ त्या फळीवर.

सून : तेच तर. प्रत्येक वेळी गाडी उघडली की बोल्ट उरतात. मी विचारलं, हे कुठले? तर म्हणे, कंपनी जास्तीचे देते.

सासू : देत असेल.

सून : स्टिअरिंगचेसुद्धा?

सासू : मला काय विचारतेस? मी बसते मागे. पण माझ्या मुलानं कधी गॅरेजची पायरी चढली नाही, हे मी चारचौघांत सांगते. ऑइल तो बदलतो, प्लग तो साफ करतो, बंपर निखळला तर तोही त्यानंच बसवला.

सून : तारेनं बांधला, आई. कपडे वाळत घालायच्या तारेनं. म्हणून त्या दिवसापासून गच्चीत दोरी आहे.

सासू : नावं ठेवायला अक्कल लागत नाही.

सून : ऑइल बदललं तेव्हा इंजिनाच्या ऐवजी गिअरबॉक्सचं काढलं आणि नवीन डबा इंजिनात ओतला. एकीकडे कोरडं, दुसरीकडे दुप्पट. धूर बघून शेजारच्यांनी बादल्या आणल्या होत्या. आठवतंय?

सासू : चुकतो माणूस. काम करणाराच चुकतो. तू आज चाक कशाला उघडलंस ते सांग. बसवता येणारे का परत?

सून : वर्षभर ताडपत्रीखाली उभी राहून हवा गेलीय. पंक्चरवाल्याकडे न्यायचंय, आणि चाक निघालंच आहे तर ब्रेकही बघून घेतले. सोमवारपासून पोरीची शाळा त्या नव्या इमारतीत भरणार, तिकडे बस जात नाही.

सासू : आणि तू नेणार? पोर बसणार नाही तुझ्या गाडीत. तिनं सांगितलंय, बाबा चालवणार असतील तरच.

सून : माहीत आहे. ती रडत म्हणाली तेव्हा मी तिथंच होते. "आई ब्रेक दाबत नाही" म्हणाली.

सासू : मग? पोरं खोटं बोलत नाहीत.

सून : पोरं ऐकलेलं बोलतात. आई, जरा इकडे वाकून बघाल?

सासू : माझ्या गुडघ्यांना वाकणं सोसत नाही. काय आहे?

सून : ही चकती चाकाबरोबर फिरते. ब्रेक दाबला की हे दोन पॅड दोन्हीकडून तिला चिमट्यासारखे धरतात, म्हणून गाडी थांबते. या पॅडला एका बाजूला लोखंडाची पट्टी, दुसऱ्या बाजूला हा काळा खरखरीत थर. आता सांगा, चकतीला कुठली बाजू घासायला हवी?

सासू : मला कशाला शाळा शिकवतेस?

सून : सांगा तर.

सासू : खरखरीत. हे काय विचारणं झालं? ओल्या फरशीवर रबरी सपाता घालतो आपण, लोखंडी नाही.

सून : आणि हे बघा. आत्ता उघडले तेव्हा लोखंडी बाजू चकतीकडे होती. दोन्हीची. ही बघा कशी गुळगुळीत झालीय घासून. काळा थर मागे, जसाच्या तसा, नवाकोरा. चकतीवर या रेघा बघा, नखं मारल्यासारख्या.

सासू : म्हणजे?

सून : म्हणजे ते उलटे बसवलेले होते.

सासू : कोणी?

सून : ज्यांनी बसवले त्यांनी.

सासू : हं. आता कळलं. सकाळपासून शेडमध्ये काय खुडबुड चाललीय, मला वाटलंच होतं. तूच काढलेस, तूच उलटे केलेस, आणि आता मला दाखवतेस! वर्षभरानं माझ्या मुलाच्या माथी मारायला.

सून : मी उलटे केले?

सासू : तू काढलेस तेव्हा इथं कोण होतं?

सून : कोणी नव्हतं.

सासू : झालं तर मग.

सून : बरोबर आहे तुमचं. माझ्या शब्दाला या घरात किंमत नाही, तर या पॅडला कुठून असणार? त्यांनाच विचारू.

सासू : विचार ना. खुशाल विचार. तो तुझ्यासारखा अंधारात तीर मारत नाही.

सून : फक्त एक करा. मी हे जुने पॅड या फडक्याखाली ठेवते. तुम्ही मधे एक शब्द बोलायचा नाही. नुसतं ऐकायचं.

सासू : मी कशाला बोलू? त्याला कोणी पढवायची गरज नाही. ...अरे ए! बाहेर ये जरा! बायकोनं गाडी खोललीय तुझी!

नवरा : काय? कोणी सांगितलं हात लावायला? अगं, ही काय पोळपाटाएवढी सोपी गोष्ट आहे का? जॅकखाली ओंडका लावलास?

सून : लावलाय.

नवरा : दुसऱ्या चाकांना विटा?

सून : त्याही.

नवरा : हं. हॅंडब्रेक?

सून : ओढलाय.

नवरा : चाकाचे नट जमिनीवर असतानाच ढिले केलेस ना? आधी जॅक आणि मग नट, ही नवशिक्यांची चूक. मी सगळ्यांना सांगतो. ऑफिसातले तिघं तर माझ्या सल्ल्यावरच गाड्या चालवतात.

सून : चालतात त्यांच्या?

नवरा : हा टोमणा होता का?

सून : नाही हो. मला शिकायचंय. हे नवे पॅड आणलेत मी, जुने झिजले असतील म्हणून. तुम्ही एकदा बसवून दाखवा.

नवरा : आता कसं शहाण्यासारखं बोललीस! आई, ऐकलंस का? वर्ष लागलं, पण डोकं ठिकाणावर आलं. सरक बाजूला. टॉर्च धर. वर नाही गं, इथं. टॉर्चसुद्धा धरता येत नाही.

सून : धरलाय.

नवरा : पहिला नियम. गाडी म्हणजे लॉजिक. मेकॅनिक लोक उगाच बाऊ करतात. तसल्या अंगठेबहाद्दरांना काय कळतं? मी व्हिडिओ बघतो, डोकं वापरतो. बघ, हा पॅड. याला दोन बाजू.

सून : हो.

नवरा : अडाणी माणूस काय करेल? ही काळी बाजू चकतीकडे लावेल. दिसायला तसंच वाटतं ना? पण विचार कर. चकती लोखंडाची. लोखंडाला कोण धरणार? लोखंडच. म्हणून ही पट्टीची बाजू आत, चकतीकडे. आणि हा काळा थर मागे, गादीसारखा. म्हणजे ब्रेक मारला की धक्का बसत नाही. कळलं?

सून : म्हणजे लोखंडी बाजू चकतीकडे.

नवरा : शंभर टक्के. थोडा कर्कश आवाज येतो सुरुवातीला. तो पॅड बसत असल्याचा आवाज. घाबरायचं नाही.

सून : मागच्या वेळी यायचा तसा?

नवरा : अगदी तसाच. तू तेव्हाही डोकं खाल्लं होतंस, आवाज येतो, आवाज येतो. हा बघ, झाला फिट. थोडा ठोकावा लागतो एवढंच.

सासू : थांब.

नवरा : काय गं आई?

सासू : कुठली बाजू म्हणालास?

नवरा : आता तुलाही शिकायचंय? लोखंडी. चकतीकडे.

सासू : आणि त्या वेळीही अशीच बसवली होतीस?

नवरा : मग काय, आज पहिल्यांदा बसवतोय का?

सासू : फडकं उचल गं.

नवरा : हे काय? जुने पॅड ना? अरे, यांचा काळा थर तर अजून... पट्टी एवढी कशानं घासली?

सून : चकतीनं.

नवरा : छे. असं कसं होईल... म्हणजे, व्हिडिओत आरशासारखं उलटं दिसतं कधी कधी. आणि खोक्यावरचं चित्र इतकं बारीक छापतात हे लोक! हल्ली मालच असा येतो की, दोन्ही बाजू सारख्याच...

सासू : मला आंधळी समजतोस? माझ्यासारख्या अडाणी बाईला एका नजरेत कळली ती बाजू. तुला कळली नाही.

नवरा : आई, तू यात पडू नकोस.

सासू : वर्षभर पडलेच होते की! विहीणबाईंना मी फोन करून सांगितलं, तुमच्या मुलीला गाडी झेपत नाही. जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. नातीला सांगितलं, आईच्या शेजारी बसू नकोस. लाज वाटतेय मला. खरंच लाज वाटतेय.

सून : ते नंतर बोलू, आई.

नवरा : हे बघ, उगाच राईचा पर्वत करू नका. झालं ते झालं. वेग कमी होता. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

सून : तुम्ही खांबाजवळ आलात. गाडीकडे बघितलंत, पोरीकडे बघितलंत आणि तिच्यासमोर मला विचारलंत, "ब्रेक कुठला ते तरी माहीत आहे का?"

नवरा : घाबरलो होतो मी.

सून : मी सांगितलं, दाबला होता. तुम्ही हसलात. नंतर ब्रेक उघडून बघितलेत?

नवरा : मी स्वतः बसवले होते. उघडायचे कशाला?

सून : वा! गाडीवर ताडपत्री टाकलीत आणि पाहुण्यांना गोष्ट सांगत बसलात. दर वेळी त्या गोष्टीत माझा पाय हवेत असायचा. लोक हसायचे. मीही हसायचे. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या पाय दाबून बघायचे, दाबला होता ना? शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, नसेल दाबला.

नवरा : अगं, गंमत होती ती. तू एवढं मनावर... बरं, चुकलं. बास? आता सरळ बसवून देतो दोन मिनिटांत. दे तो पॅड.

सून : पाना खाली ठेवा.

नवरा : म्हणजे?

सून : गॅरेजवाल्याला फोन केलाय. येतोय तो. चारही चाकं बघेल, स्टिअरिंग बघेल आणि ती बरणीही बघेल.

नवरा : बाहेरचा माणूस? माझ्या गाडीला?

सून : हो. ज्याला पॅडची बाजू कळते असा.

नवरा : आई, सांग हिला काहीतरी. गल्लीत काय अब्रू राहील माझी?

सासू : अब्रू? हाताला ग्रीस लागलं म्हणजे मिस्त्री होत नाही कोणी. उथळ पाण्याला खळखळाट फार. नुसती गाडी बिघडवली असतीस तर मी गप्प बसले असते. आत जा आणि हात धू.

सून : नका धुऊ. तसेच राहू देत. पोरीला हाक मारते मी, क्लासहून आलीय ती.

नवरा : तिला कशाला?

सून : खांबाजवळ तिच्यासमोर विचारलं होतंत ना? आता तिच्यासमोरच सांगा.

सासू : मी सांगते हवं तर. माझ्या मांडीवर बसूनच ऐकलंय तिनं सगळं.

सून : नाही, आई. त्यांनीच सांगायचं.

नवरा : नऊ वर्षांची पोर ती. तिला काय कळणार पॅड आणि चकती?

सून : ते नाही कळलं तरी चालेल. आई खरं सांगत होती, एवढं कळलं की पुरे.