दगडावरचा तिसरा चेहरा

सन्माननीय अध्यक्षा, वारसा समितीच्या मिसेस प्रेस्कॉड, व्यासपीठावर घाम पुसत बसलेले फादर लॅव्हिया, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या सगळ्यांच्या मावशी टँटी इस्मे, आणि मागच्या दारातून नीरफणस भाजल्याचा वास येत असूनही अजून खुर्च्यांवर टिकून असलेल्या पेटी ब्वाच्या ग्रामस्थहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. तीस वर्षं मी इथल्या शाळेत हेडमास्तर होतो. पाच मिनिटं मला घसा साफ करायलाच लागतात, हे तुम्ही जाणता. पण आज थोडंच बोलायचं आहे.

ओढ्याकाठच्या कोरीव दगडाची राखण टँटींनी सव्वीस वर्षं केली. त्यांची रीत आपल्याला पाठ आहे. पाहुणा कितीही मोठा असो, त्याला सकाळी सातला ओढ्यावर उभं करायचं, दगडावर तुंब्यानं पाणी मारायचं आणि म्हणायचं, "आता गप उभं राहायचं. ऊन तिरपं आलं की ते तिघं आपणहून बघतील तुझ्याकडे." खडू नाही, ब्रश नाही. एका साहेबानं घाई केली, तर म्हणाल्या, "ते शेकडो वर्षं थांबलेत. तुझी बस काय पळून चाललीय?"

तिघं म्हणजे तीन चेहरे. आज दोनच आहेत. धाकटा अकरा वर्षांपूर्वी गेला. अहवालात कारण लिहिलंय, 'रखवालदाराचा हलगर्जीपणा'. आज अनावरण व्हायच्या त्या फलकावरचं कापड मघाशी मी उचलून डोकावलो. माफ करा, मास्तरांची खोड. त्यावर दगडाच्या सगळ्या रखवालदारांची नावं आहेत. टँटींचं नाही.

मागची कुजबुज थांबेल का? आभारी आहे.

त्या शनिवारी टँटी गावात नव्हत्या. बहिणीला माती द्यायला राजधानीत, किंग्जटाउनला गेल्या होत्या. सोमवारी भर दुपारी दगड पाहायला समिती येणार, आणि स्वागताचा चिटणीस मी. डोक्यावरच्या उन्हात त्या रेघा दिसतात का? नाही दिसत. महिना ऑक्टोबर. सत्तावीस तारखेच्या स्वातंत्र्यदिनासाठी सगळं गाव रस्त्याकडेचे दगड रंगवत होतं, शाळेत पांढऱ्या रंगाचा डबा उरला होता. म्हटलं, हाही दगडच! रेघा भरल्या. चार पावलं मागे येऊन पाहिलं. आपले पूर्वज कार्निव्हलच्या सोंगांसारखे दिसत होते. मग रॉकेल आणलं, तारेचा ब्रश आणला. मोठे दोघं वाचले. धाकट्याचा दगड मऊ होता.

काय म्हणालात, टँटी? "मास्तर, पुरे झालं, बसा खाली"? नाही, टँटी. आज नाही.

सोमवारी टँटी बसमधून उतरल्या त्या थेट समितीसमोर. समितीनं विचारलं, "दगड कुणाच्या ताब्यात होता?" त्या म्हणाल्या, "माझ्या." मी शेजारीच उभा होतो. नखांत पांढरा रंग होता, म्हणून हात खिशात होते.

मंगळवारी टँटी शाळेत आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेला ब्रश, दांड्यावर शाळेचं नाव. "शाळेची वस्तू रानात राहिली होती, मास्तर." मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "पोरांचं परीक्षेचं वर्ष आहे. तुम्हाला काढलं तर या डोंगरात दुसरं कोण येतंय मरायला? शिकवा."

मी आठ वर्षं शिकवलं. माझ्याच वर्गातली पोरं त्यांना 'झोपाळू टँटी' म्हणून चिडवायची, आणि मी फळ्याकडे तोंड फिरवायचो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आता जायला नोकरीही नव्हती, तरी गप्पच राहिलो. मला स्वतःची लाज वाटते.

मिसेस प्रेस्कॉड, हे माझं सही केलेलं पत्र, आणि हा तो ब्रश. फलकावर टँटींचं नाव येईपर्यंत कृपा करून ते कापड काढू नका.

आयोजकांचे आभार. मॉबीचं सरबत गार ठेवणाऱ्या बायकांचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला. दगडावरचं मात्र घालू नका. त्याची माफी मला एकाच माणसाकडे मागायची आहे. टँटी, मघाशी तुम्ही मला खाली बसायला सांगितलंत. आता पुन्हा सांगाल, तेव्हाच बसेन.