लाखावर तीन वाती

...अन् म्हणे सुंदर संख्या! सुंदर? माय वं, तुम्हाले सांगते, एवढी लाखाची संख्या, अन् कोणाच्या वाट्याले येत नाही!

आता पाहा, माझ्या निकिताचे दिवस भरले. पहिलटकरीण पोरगी, म्हणून मी लाखवातीचं व्रत धरलं. चातुर्मासभर अकरा जणींनी इथं नेर गावात माझ्या ओसरीवर बसून वाती वळल्या, कापूस आपल्याच वावरातला. आज उद्यापन. नेम एकच... अकराही जणींनी सारख्या वाती लावायच्या, अन् कोणीच मन दुखून उठायचं नाही! लाखावर शकुनाची एक ठेवली, तं प्रत्येकीले नऊ हजार एक्क्याण्णव, बरोब्बर! म्हटलं, देव पावला.

पण आमच्या जाऊबाई, विमलताई! "मोजण्यात भूलचूक झाली असंल वं," म्हणत दोन वाती टाकल्याही तुपात! देवापुढची वात परत उचलता येते का? नाही येत! झाल्या लाख तीन. आता दोघींले एकेक जास्त, अन् अकरातल्या संगीताचं तोंड आत्ताच फुगलं... "आमचं काय बाई, आम्ही नेहमीच्या कमीवाल्या!" संक्रांतीले तिले वाण लहान गेलतं, ते अजून निघते!

म्हटलं, मीही बसते, बारा जणी करू. उरल्याच! सातच जणी? उरल्याच! लाखाची असून कोणाच्या वाट्याले येत नाही!

माझा भाचा अंकुर अमरावतीले गणितात एम.एस्सी. करते. मोबाईल दाबला अन् नाचालेच लागला, "मावशी, ही मूळ संख्या! कशानंच भाग जात नाही! एकटीनं लाव, नाहीतं लाख तीन बाया बोलाव. किती सुंदर!"

सुंदर? कोणासंग जमत नाही, कुठं बसत नाही, आपली एकटीच ताठ! अशी बाई गल्लीत असती तं हळदीकुंकवाले तरी बोलावलं असतं का कोणी? अन् लाख तीन बायांचा चहा काय अंकुर करणार होता?

"नऊ अजून वळ ना मावशी, अकरात बसते."

"मंग आधी काहून नाही सांगितलं रे?"

"आधी तू विचारलं कुठं?"

घ्या! वळल्या नऊ. तुपात पडल्या. संगीतासुद्धा हसली हो! तेवढ्यात जावयाचा फोन, निकिताले दवाखान्यात नेलं. मी देवाले हात जोडले, डोळे मिटले... अन् उघडते तं काय? विमलताई बोटं पुसून राह्यल्या!

"शकुनाची एक टाकली वं... चांगली बातमी आली ना!"

लाखाची असून कोणाच्या वाट्याले येत नाही!

आता अंकुर म्हणते, अजून दहा लागतात. बाया वळून राह्यल्या. मी नाही वळत. मी विमलताईचे दोन्ही हात धरून बसली आहो... पोरगी मोकळी होयेपर्यंत सोडत नाही!