मागच्या दाराचं कुलूप

डोळ्यांत औषध घालून दोन म्हाताऱ्या दवाखान्यात बसल्या होत्या. नर्स फाइली लावत होती, पण कान तिकडेच.

"आपल्या शिवणकारखान्यात ती परदेशी बाई आली होती, आठवतं?"

"तिकडच्या कामगार संघटनेची ना? विसरेन कशी! सुपरवायझरनं आपल्याकडून उत्तरं घोकवून घेतली होती. काम किती? आठ तास. सुट्टी कधी? दर रविवारी."

"आणि तिनं दुभाष्याकडून भलतंच विचारलं."

"मागचं दार कधी उघडं असतं? मी आपलं ठोकून दिलं, दर रविवारी!"

"रविवारी तर कारखानाच बंद!"

"ती हसली नाही गं. सरळ मागच्या दाराच्या कुलपापाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, आमच्याकडे आग लागली तेव्हा अशाच दारामागे माझ्या मैत्रिणी जळाल्या. ती बाईही शिवणारीच. माझ्यासारखीच तिच्याही नखातून सुई गेलेली."

"तिनं कुलूप काढायला लावलं तेव्हा काय वारा आला होता!"

"सगळे धागे उडाले. आपण पोरींसारख्या हसत सुटलो."

"किती वर्षांनी हसलो होतो गं तशा."

नर्स उठली. "आजी, उजेड डोळ्यांना लागेल. दार लावते हं."

"लाव गं बाळा. कडी तेवढी घालू नकोस."