बारा फूट, सात फूट

एक लाल दिवा. तांदळाच्या दाण्याएवढा. दोन वर्षं कुणी एकदाही विझवलेला नाही! मंडळी, तो दिवा आहे चिपळुणात, कुमुदिनीबाई आठल्यांच्या घरी – आणि तो देवाचा नाही, होम थिएटरच्या डिकोडरचा, म्हणजे स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या पेटीचा आहे. हसा, हसा! पण आधी मला सांगा – कुणी आपल्यासाठी काही केलं आणि ते आपल्याला कळलंच नाही, तर ते केलेलं वाया गेलं का?

ऐका तर. बाईंचे यजमान मुकुंदराव भूमापन खात्यात होते. गावोगावच्या जमिनी मोजल्या, पण घरात शब्द मोजून! निवृत्तीनंतर ही पेटी आणली. पाच स्पीकर, एक पडदा. रोज संध्याकाळी ते सोफ्यावर, आणि बाई स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर, भाजी निवडत. "इकडे येऊन बस," असं पंधरा वर्षांत एकदा म्हणाले नाहीत! बाई टोमणा मारायच्या, "त्या पेटीशीच लग्न करायचं होतंत!" ते नुसते हसायचे.

आणि एक दिवस गेले.

लेक नंदिता नाशिकला. दर फोनला तेच – "आई, इकडे राहायला ये." आणि उत्तर तेच – "बघू." दोन वर्षं बघू! का? बाईंना वाटे, ह्यांचं काहीतरी बोलायचं राहिलंय. घर सोडलं तर ऐकणार कुठे? म्हणून पेटीचं बटणही बंद केलं नाही. बंद केलं तर ह्यांचं सगळं पुसलं जाईल, अशी भीती.

दिवाळीत नंदिता आली. पेटी लावली, पडद्यावर स्पीकरच्या अंतरांचे आकडे उघडले.

"आई, बाबांनी चुकीचं भरलंय गं. डावा स्पीकर बारा फूट, उजवा सात. सोफ्यापासून तर दोन्ही नऊ फुटांवर आहेत!"

"ह्यांचं? आणि मापात चुकलं? टेप आण!"

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, परीक्षा नाही! आवाज सेकंदाला सुमारे अकराशे फूट जातो. लांबच्या स्पीकरचा आवाज कानाशी उशिरा पोचतो. म्हणून ही पेटी जवळच्याला म्हणते – थांब जरा, त्याला येऊ दे. मग पाचही आवाज एकदम पोचतात. पण कुठे? एकाच जागी! ज्या जागेची अंतरं भरली, तिथेच.

नंदिताने टेप धरली. डाव्यापासून बारा, उजव्यापासून सात. सरकत सरकत कुठे आली माहीत आहे? स्वयंपाकघराच्या दारात. स्टुलाशी!

"आई... बस इथे."

बाई बसल्या. ह्यांच्या आवडीचं गाणं लागलं. रोज ऐकलेलं! पण आज हातात भाजी नव्हती, भांड्यांचा आवाज नव्हता. गाणारीचा स्वर नेमका समोर, हात लावावा इतका जवळ. नंदिता सोफ्यावर बसून म्हणाली, "इथे सगळं डावीकडे ओढल्यासारखं येतंय."

म्हणजे? पंधरा वर्षं तो माणूस वाकडा आवाज ऐकत बसला – तिच्या कानाशी सरळ पोचावा म्हणून! बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "एकदा सांगायचं तरी होतं हो..."

मागच्या मावशी, तुम्हीही डोळे पुसताय. पुसा. पण घरी गेल्यावर पाहा – तुमच्यासाठी वाकडं ऐकत कोण बसलंय? ते माणूस सोफ्यावर आहे, तोवर जाऊन शेजारी बसा. देवाच्या बाबतीतही आपण हेच करतो. तो बोलत नाही, ही तक्रार. आणि आपण कुठे बसलोय, ते त्याने केव्हाच मोजलेलं!

गाणं संपलं. नंदिता पेटी बंद करायला उठली. हात बटणावर नेऊन थांबली, आईकडे पाहिलं.

"कर बंद," बाई म्हणाल्या. "नीट बांध. येते मी नाशिकला. पण तिथे आकडे बदलायचे नाहीत हं – माझं स्टूल आधी ठेव, आणि स्पीकर ह्यांच्या आकड्यांप्रमाणे लाव."