गाडीत माणूस आहे

(फोनवर. तो टोइंगच्या गाडीत, ती त्यांच्या छोट्या ऑफिसात टेबलामागे.)

टोइंगवाला : नाही गं, मी कधीच पोचलोय. पण तू सात गाड्या म्हणाली होतीस. इथे अख्खी गल्ली भरलीय. आडव्या, तिरक्या, एक तर अर्धी फुटपाथवर चढवलीय.

बायको : कंट्रोल रूमवाले सात म्हणाले, मी सात लिहिल्या. जास्त निघाल्या तर बरंच आहे की. तोंड का वाकडं करतोयस?

टोइंगवाला : तोंड दिसतंय तुला तिथून?

बायको : आवाजावरून कळतं. लग्न काय काल झालं आपलं?

टोइंगवाला : अगं, ही सायकलच्या दुकानाची गल्ली आहे.

बायको : आपल्या चाकांत हवा भरतो, त्या हवावाल्याची?

टोइंगवाला : त्याच्याच दारात इमिग्रेशनची व्हॅन उभी आहे आणि तो व्हॅनमध्ये आहे. बेड्या घालून. गल्लीतून बाहेर पडायला रस्ता एकच, तो लोकांनी गाड्या लावून अडवलाय. मी रस्ता मोकळा करायचा, की ते त्याला घेऊन सरळ विमानतळावर.

बायको : देवाशपथ मला कोणी सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, रस्त्यात गाड्या आहेत, क्रेन पाठवा.

टोइंगवाला : तुला कुठे बोलतोय मी.

बायको : पण त्याला का नेतायत? आपलं लग्न व्हायच्या आधीपासून तो इथे आहे. त्याची मुलगी इथे जन्मली. इथे राहू देण्यासाठी अर्ज केला होता ना त्यानं?

टोइंगवाला : तो अर्ज कुठल्या तरी टेबलावर झोपलाय. त्याच्या वकीलबाई सकाळीच कोर्टात गेल्यात, स्थगिती मागायला. पण तो एकदा विमानात बसला, की त्या स्थगितीचं काय लोणचं घालायचं?

बायको : आणि आपण त्याला विमानात बसवायला मदत करायची.

टोइंगवाला : तेच तर. गाड्या उचलल्या तर या गल्लीत तोंड दाखवता येणार नाही. नाही उचलल्या तर पोलिसांचं कंत्राट गेलं. काय करू, सांग.

बायको : मला विचारू नकोस. म्हणजे विचार, पण थोडं थांब, मला सुचू दे. आधी काय करतोस नेहमी?

टोइंगवाला : आधी गाडीभोवती फेरी मारून बघतो. हँडब्रेक, चाकं, कुठे ठोकर आहे का...

बायको : मग मार ना फेरी. सावकाश मार.

टोइंगवाला : उतरलो. गर्दी बरीच आहे, दोन्ही फुटपाथ भरलेत. घोषणा चालल्यात. काही जण मलाच शिव्या देतायत.

बायको : कोण?

टोइंगवाला : गणिताच्या सरांची बायको. मोठ्या दमाची बाई आहे. बरं, पहिली गाडी... ही छोटी पिवळी गाडी ओळखीची वाटतेय.

बायको : पिवळी? मागच्या काचेत टोपी आहे का? गवताची?

टोइंगवाला : आहे.

बायको : आई गं.

टोइंगवाला : हो, तीच. तुझी आई. सीट मागे पाडून आडवी झालीय आत. मला बघून हात करतेय. थांब, स्पीकरवर टाकतो. आई! काच खाली करा. आई, हे काय चाललंय?

सासूबाई : या, जावईबापू. तुम्हीच येणार म्हणून मी सगळ्यांना सांगितलं होतं. पोलिसांकडे दुसरं आहेच कोण?

बायको : आई, तू तिथे काय करतेयस? तू भाजी आणायला गेली होतीस ना?

सासूबाई : फोनवर तू आहेस होय? भाजी आणली. डिकीत आहे. येताना बघितलं तर ही धावपळ. त्याची बायको दारात उभी राहून रडत होती. मग मी गाडी लावली इथेच. सरांनी त्यांची माझ्यामागे लावली.

टोइंगवाला : आई, पोलिसांनी मला ही गाडी उचलायला सांगितलीय.

सासूबाई : उचला की. मी काही बोलले का?

टोइंगवाला : तुम्ही उतरा तर उचलू.

सासूबाई : ते जमायचं नाही. गुडघा धरलाय.

टोइंगवाला : आई!

सासूबाई : आणि गाडीत माणूस असेल तर गाडी उचलायची नाही ना? साखळी लावायलाही मनाई. विम्याचा नियम. दर रविवारी जेवताना तुम्हीच सांगता. मी ऐकत नाही असं वाटतं तुम्हाला, पण मी ऐकते.

बायको : अरे, ती बरोबर बोलतेय.

टोइंगवाला : माहितीये मला! एक मिनिट. मागे बघतो. सरांच्या गाडीत सर बसलेत. त्याच्यामागे चष्म्याचा दुकानदार, त्याच्यामागे लग्नाचे फोटो काढणारा, पुढच्या सीटवर तो आणि शेजारी त्याचा कुत्रा. अगं, सगळ्यांत माणसं आहेत! एकही गाडी रिकामी नाही.

सासूबाई : मी फक्त सरांना सांगितलं. पुढे त्यांनी शिकवलं.

बायको : हसू नकोस रे. हसतोयस का तू?

टोइंगवाला : नाही. खोकतोय. इन्स्पेक्टरसाहेब येतायत. फोन खिशात टाकतो, चालू राहू दे. ...नमस्कार साहेब. ...हो, तयारच आहे. ...नाही साहेब, अजून लावली नाही साखळी. ...कारण गाडीत माणूस आहे. ...हो, मला दिसतंय की एकच बाई आहे. एक असली तरी माणूसच ना. ...साहेब, पट्टा तुटला, गाडी घसरली, आतल्या माणसाची मान मोडली तर तुरुंगात मी जाणार. ...नाही, या बाईंना मी ओळखत नाही असं कसं म्हणू? सासू आहे माझी.

सासूबाई : साहेब, एक विचारू? माझ्या गाडीत माणूस आहे म्हणून हलवता येत नाही. मग तुमच्या त्या व्हॅनमध्ये कोण आहे?

टोइंगवाला : आई, तुम्ही गप्प बसा थोडा वेळ. ...हो साहेब. ...तुम्ही काय ते बघा साहेब. रिकामी झाली तर उचलतो. ...गेले. कपाळाला आठ्या घालून गेले.

बायको : काय म्हणाले?

टोइंगवाला : म्हणाले, गाड्या रिकाम्या आम्ही करतो, तू फक्त हूक तयार ठेव.

बायको : म्हणजे कशा रिकाम्या करणार?

टोइंगवाला : माहीत नाही. हेल्मेटवाली तुकडी उतरतेय मागच्या गाडीतून. काठ्या, ढाली. अगं, भाजीच्या पिशव्या घेतलेले लोक आहेत हे, यांना ढाली कशाला लागतात?

बायको : आईला उतरव. आत्ताच्या आत्ता उतरव.

सासूबाई : मी ऐकतेय. मी उतरणार नाही.

बायको : आई, हट्ट करू नकोस, तुझं वय बघ!

सासूबाई : वय बघूनच बसलेय. तरुण माणसाला धरून नेतील, माझ्यावर हात टाकताना दहा वेळा विचार करतील.

टोइंगवाला : भोंग्यावर सांगतायत, शेवटची सूचना. गाड्या सोडा. कोणी हललं नाही. ...अरे! अरे, हे काय करतायत?

बायको : काय झालं?

टोइंगवाला : फुटपाथवर फवारा मारला. मिरचीचा. सरांची बायको खाली बसली डोळे धरून. माझ्याही... डोळ्यांत आग होतेय. फोटोवाल्याला ओढून काढलं दारातून. कुत्रा भुंकतोय. तो आवाज ऐकलास?

बायको : काच फुटली ना? कोणाची? बोल ना!

टोइंगवाला : चष्मेवाल्याची. त्यांनी काठीनं काच फोडली आणि तो अजून आतच होता. कपाळावरून रक्त येतंय. कोणीतरी टॉवेल दिलाय. तो काही करत नव्हता गं. स्टिअरिंग धरून बसला होता नुसता.

बायको : आई कुठाय? आईची काच वर आहे का?

टोइंगवाला : वर आहे. ते तिच्याकडेच येतायत.

बायको : काहीतरी कर. ऐकतोयस? काहीही कर!

टोइंगवाला : क्रेनमध्ये चढलोय, पुढे घेतोय.

बायको : कुठे? अरे, कुठे घेतोयस? हॅलो? हॅलो!

टोइंगवाला : घेतली. तिच्या गाडीला अगदी चिकटून. एका बाजूला भिंत, एका बाजूला मी. आता दारही उघडत नाही आणि काठीही पोचत नाही. किल्ली काढून खिशात टाकली. ...हो साहेब! ...नाही साहेब, मुद्दाम नाही. बंद पडली. ...आत्ताच. ...काय माहीत, डिझेलमध्ये कचरा असेल. ...ओरडू नका साहेब, मी खाली येत नाही, गाडीत बसूनच बोलतो. गाडीत माणूस आहे.

बायको : दार आतून लावलंस ना?

टोइंगवाला : लावलं.

बायको : ऐक, मी आहे इथे. फोन ठेवत नाही.

टोइंगवाला : साहेब म्हणतायत, दुसरी क्रेन मागवतो आणि आधी तुलाच उचलतो.

बायको : थांब, ऑफिसचा फोन वाजतोय. ...हॅलो, टोइंग सर्व्हिस. ...नमस्कार इन्स्पेक्टरसाहेब! ...हो, लगेच पाठवते. कुठे पाठवू? ...सायकलच्या दुकानाच्या गल्लीत? बरं. काय उचलायचंय? ...क्रेन? क्रेन उचलायला क्रेन? ...साहेब, आमच्याकडे गाडी एकच आहे. तुम्ही ज्या गाडीसमोर उभे आहात ना, तीच ती.

टोइंगवाला : अगं, बस कर, मला इथे तोंड दाबून बसावं लागतंय.

बायको : ...हो साहेब, शेजारच्या शहरातून मागवता येईल. मी नंबर देते. ...नाही, त्यांना यायला वेळ लागेलच, तेही माणसंच आहेत. ...हो. कंत्राटाचं तुम्ही म्हणाल तसं. ...नवऱ्यालाही आत घालणार? साहेब, मग त्याची औषधाची गोळी दुपारी जेवल्यावर असते, तेवढी लक्षात ठेवा. ...ठेवला त्यांनी.

टोइंगवाला : कुठली गोळी?

बायको : कुठलीच नाही. तोंडात आलं ते बोलले.

सासूबाई : जावईबापू, ऐकू येतंय का? इकडची काच जराशी खाली केलीय. तुमच्या गाडीच्या सावलीत फार छान गार वाटतंय.

टोइंगवाला : आई, तुम्हाला लागलं नाही ना?

सासूबाई : मला काय होतंय. चष्मेवाल्याला टाके पडतील बिचाऱ्याला. तो पोरगेला पोलीस, काठी मारणारा, आता भिंतीला टेकून उभा आहे. त्याचाच चेहरा पांढरा पडलाय. पाणी देऊ का त्याला?

बायको : आई, त्यानं काच फोडली!

सासूबाई : म्हणून तहान लागत नाही का? काचेतून बाटली देते कोणाच्या तरी हाती. आणि त्याच्या छातीवरचा नंबर वाचून घेते. तक्रार करायचीय मला.

टोइंगवाला : पुढे काहीतरी गडबड आहे. लोक बाजूला होतायत. वकीलबाई! वकीलबाई आल्या, पळत. एका हातात चपला, दुसऱ्या हातात फोन.

बायको : मिळाली का?

टोइंगवाला : साहेबांना फोन दाखवतायत. साहेब चष्मा शोधतायत. आता इमिग्रेशनवाल्यांकडे दिला. ते कोणाला तरी फोन लावतायत. चेहरे काही सांगत नाहीत गं यांचे. ...अजून बोलतोय. ...अजून.

बायको : सांगत राहा.

टोइंगवाला : त्यानं मान हलवली. व्हॅनचं दार... उघडलं. उघडलं गं! हवावाला उतरला. बेड्या काढतायत.

बायको : हा कसला आवाज?

टोइंगवाला : हॉर्न. सगळ्या गाड्या हॉर्न वाजवतायत. सर तर हात उचलायलाच तयार नाहीत हॉर्नवरून. हवावाल्याची बायको त्याला मारतेय.

बायको : मारतेय?

टोइंगवाला : पाठीत गुद्दे. आनंदानं. आता रडतेय. मुलगी मध्ये घुसलीय दोघांच्या.

बायको : सुटला ना तो? कायमचा?

टोइंगवाला : कायमचा कुठला. निकाल लागेपर्यंत हलवायचं नाही, एवढंच. दर आठवड्याला हजेरी लावायची. वकीलबाई म्हणाल्या, आजचा दिवस आपला, पुढचं पुढे. तो इकडेच येतोय. ...काय रे, बरा आहेस ना? ...हो हो, चालू आहे फोन. ...काय? कुठलं? ...बरं बरं, बघू उद्या.

बायको : काय म्हणाला?

टोइंगवाला : म्हणाला, तुझ्या मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे, एवढी घाई करून फिरू नकोस.

बायको : बाई, बाई! आणि आपले साहेब?

टोइंगवाला : जाताना माझ्या दाराशी थांबले. म्हणाले, उद्यापासून आमच्या फोनची वाट बघू नका. मी म्हटलं, बरं. मग म्हणाले, गाडी खरंच बंद पडली होती का? मी म्हटलं, साहेब, आता चालू होतेय असं वाटतंय. हसले नाहीत. पण गेले.

बायको : गेलं म्हणजे कंत्राट.

टोइंगवाला : गेलं. निम्मं काम गेलं आपलं. रागावलीस?

बायको : रागावले असते, तू खाली उतरला असतास तर. बघू. हायवेवर गाड्या बंद पडायच्या थांबल्यात का? आईला घरी पाठव आता.

टोइंगवाला : तिची गाडी चालू होत नाहीये.

सासूबाई : सकाळपासून गाणी लावली होती गं. बॅटरी उतरली.

बायको : म्हणजे आज दिवसभरात एकच गाडी उचलायची, आणि तीही आईची, फुकट.

टोइंगवाला : मी क्रेन मागे घेतलीय. चला आई, उतरा. आता माणूस बाहेर. तुम्ही वर बसा, माझ्या शेजारी. पाय इथे ठेवा. हात द्या. ...भाजी घेतली, घेतली. साखळी लावतो आणि निघू.

सासूबाई : अगं बाई. केवढं उंच आहे हे.

बायको : आई, पहिल्यांदाच बसलीस ना त्याच्या गाडीत?

सासूबाई : कधी वेळच आली नाही. ते बघा, सरांची बायको नळाखाली डोळे धुतेय. बरी आहे. चष्मेवाल्याला रिक्षात बसवलं. काचा झाडतायत फुटपाथवरच्या. आणि तो बघा, हवावाला शटर उघडतोय.

टोइंगवाला : निघू का, आई?

सासूबाई : निघा. पण जरा हळू घ्या, जावईबापू. बघू द्या मला.